रंगीत, रंगवलेला आणि रंगात बुडवलेला : घरच्या चित्रपटसंग्रहाची नोंद कशी करावी?

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस आज सिनेमाच्या यादीवर काय बोलणार? मलाही तसंच वाटत होतं. चार दिवसांचं काम म्हणून मी ते अंगावर घेतलं आणि त्याला सात महिने लागले. का लागले, ते आज सांगतो.

माझे थोरले बंधू, म्हणजे आमचा दादा, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याला चित्रपट जमवण्याचा नाद होता. आधी व्हिडिओ कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. सगळं मिळून साडेसहाशेच्या आसपास. आणि या सगळ्यांची एक लांब, लाल कापडी बांधणीची वही. रकाने पाच : क्रमांक, नाव, साल, भाषा आणि रंग. रंगाच्या रकान्यात दोनच अक्षरं, ‘रं’ किंवा ‘कृ’. रंगीत किंवा कृष्णधवल. हा संग्रह आता आपल्या वाचनालयाला द्यायचा ठरला, तेव्हा नीट यादी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

वही चाळताना एका नोंदीवर थांबलो. ‘मुघल-ए-आझम’, १९६०. रंगाच्या रकान्यात आधी ‘कृ’ लिहिलेलं, त्यावर काट मारून वर ‘रं’. ती काट मला आठवते, कारण मी समोर बसलो होतो. हा चित्रपट २००४ साली संगणकावर रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. त्याची डीव्हीडी मी २००६ मध्ये दादाला भेट दिली. कपाटात जागा नव्हती, जुन्या कॅसेटला बुरशी धरली होती. मी म्हणालो, “दादा, आता चांगली प्रत आली, जुनी कशाला ठेवतोस?” त्याने ऐकलं. कॅसेट गेली, आणि वहीत ‘कृ’चं ‘रं’ झालं.

आता पुढचं ऐका. दादाची नात महाविद्यालयात आहे. मागच्या वर्षी तिने एका निबंधात लिहिलं की ‘मुघल-ए-आझम’ हा १९६० सालचा संपूर्ण रंगीत चित्रपट. मी म्हटलं, “अगं, नाही.” ती म्हणाली, “धाकटे आजोबा, आजोबांच्या वहीतच आहे की!” आपल्याकडे ज्ञानाच्या साधनांमध्ये शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, पण अट अशी की सांगणारा आप्त असावा, म्हणजे विषय जाणणारा आणि खरं सांगणारा. नातीसाठी दादा आप्तच होता. तिने चुकीचं काही केलं नाही. चूक त्या एका अक्षरात होती, आणि त्या अक्षरामागे मी होतो.

व्याख्या कुठे फाटते?

पहिली गोष्ट. ‘रंगीत’ आणि ‘कृष्णधवल’ असे दोनच खण का पुरत नाहीत?

आमच्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात. उदाहरण नेहमीचं, गायीचं. ‘जिला शिंगं असतात ती गाय’ म्हटलं तर म्हैसही त्यात शिरते. ही अतिव्याप्ती. ‘जी कपिला, पिंगट रंगाची, ती गाय’ म्हटलं तर काळ्यापांढऱ्या गायी बाहेर राहतात. ही अव्याप्ती. ‘जिच्या पायाला अखंड खूर असतो ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. गंमत बघा, दुसऱ्या उदाहरणात घोटाळा रंगानेच केला आहे.

आता दादाच्या वहीची व्याख्या पाहू. ती लिहिलेली नव्हती, पण मनात होती : पडद्यावर रंग दिसला की रंगीत, नाही दिसला की कृष्णधवल. या व्याख्येत २००४ चा ‘मुघल-ए-आझम’ रंगीत ठरतो. अतिव्याप्ती झाली. आणि आमच्या घरी १९८२ च्या आधी दूरदर्शनवर पाहिलेला प्रत्येक रंगीत चित्रपट कृष्णधवल ठरतो, कारण प्रक्षेपणच कृष्णधवल होतं. इथे अव्याप्ती झाली.

तुमच्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे आहेत त्यांना आणखी एक आठवेल. टीव्हीच्या काचेवर लावायला रंगीत प्लास्टिकचा पडदा मिळायचा. वर निळा, मध्ये पिवळट, खाली हिरवा. आकाश, माणसं आणि गवत! बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. आम्ही तरी त्याला ‘कलर टीव्ही’ म्हणायचो. दादाच्या व्याख्येप्रमाणे तेही रंगीतच.

म्हणजे ‘काय दिसतं?’ हा प्रश्न अपुरा आहे. मराठी भाषेने हे आधीच ओळखलं आहे. ‘रंगीत’ हे विशेषण आहे, ते वस्तूचा गुण सांगतं. ‘रंगवलेला’ हे धातूपासून आलेलं रूप आहे, ते कुणाची तरी कृती सांगतं. ‘रंगवलेला’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं : कोणी? कधी? आधी कसा होता? हे तीन प्रश्न म्हणजेच आजचं व्याख्यान.

रंगात बुडवलेले चित्रपट

आपला समज असा की आधी सगळे चित्रपट कृष्णधवल होते आणि पुढे रंग आला. हे खरं नाही. मूकपटांच्या काळात रंग होताच, फक्त तो छायाचित्रणातून आलेला नव्हता, नंतर दिलेला होता.

त्याच्या तऱ्हा तीन. पहिली, हाताने रंगवणं. जॉर्ज मेलिएस यांचा १९०२ सालचा चंद्रप्रवासाचा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, ज्यात चंद्राच्या डोळ्यात यान घुसतं. मेलिएस यांच्या चित्रपटांच्या रंगीत प्रती पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए यांच्या कारखान्यात तयार होत. तिथे बायका ओळीने बसून, प्रत्येकीकडे एक रंग, अशा रीतीने एकेक चौकट कुंचल्याने रंगवत. पुढे साचे कापून रंग भरण्याची, म्हणजे स्टेन्सिलची, पद्धत आली. चंद्रप्रवासाची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात मिळाली आणि दुरुस्त होऊन २०११ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली.

दुसरी तऱ्हा टिंटिंगची. छापून झालेली फिल्म रंगाच्या द्रावणात बुडवायची. कापड बुडवतो तशी. सगळी चौकट एका रंगाची होते, आणि तो रंग जिथे चित्र पांढरं असतं तिथे जास्त दिसतो. तिसरी टोनिंगची. यात फिल्मवरच्या चांदीचंच रसायनाने रूपांतर करतात. मग काळ्या भागाला निळी किंवा तपकिरी झाक येते, पांढरा भाग पांढराच राहतो. घरी ओळखायची खूण हीच : पांढऱ्याला रंग चढला असेल तर टिंटिंग, काळ्याला चढला असेल तर टोनिंग. दोन्ही एकदम केलेलेही आहेत.

हे केवळ सजावटीसाठी नव्हतं. त्याला अर्थ होता. रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळसर, आग तांबडी, असे संकेत होते. तेव्हाच्या फिल्मवर रात्री चित्रण करणं अवघड होतं, म्हणून दिवसा चित्रण करून फिल्म निळ्यात बुडवायची. प्रेक्षक समजायचा की रात्र आहे.

आता मुर्नाउ यांचा ‘नॉस्फेरातू’ घ्या, १९२२ चा. यातला सरदार रक्तपिपासू आहे आणि सूर्याच्या किरणांनी त्याचा अंत होतो. पण पुढे अनेक दशकं या चित्रपटाच्या ज्या प्रती फिरल्या त्या कृष्णधवल होत्या. त्यांत हा सरदार काखेत शवपेटी घेऊन गावातून भर उन्हात चाललेला दिसतो! लोक हसायचे. दिग्दर्शकाला एवढंही कळलं नाही का? त्याला कळलं होतं. त्याने रात्र निळ्या रंगात दिली होती, आणि नकला करणाऱ्यांनी ती रात्र पुसून टाकली. दुरुस्त आवृत्तीत निळा परत आला, तेव्हा कथा पुन्हा सरळ झाली.

हा रंग गेला कसा? निगेटिव्ह कृष्णधवलच होती, रंग दिला जायचा तो प्रत्येक प्रतीला. नंतर जतनासाठी नकला काढल्या त्या बऱ्याचदा कृष्णधवल फिल्मवर. बोलपट आल्यावर आणखी एक अडचण झाली. ध्वनीची पट्टी फिल्मच्या कडेलाच असते, तिच्यातून प्रकाश जाऊन आवाज निघतो, आणि रंग तो प्रकाश अडवू लागला. कोडॅकने १९२९ मध्ये ‘सोनोक्रोम’ नावाच्या खास छटांच्या फिल्म काढल्या, पण ही रीत हळूहळू मागे पडली.

तेव्हा दादाच्या संग्रहातल्या ‘नॉस्फेरातू’च्या डीव्हीडीपुढे ‘कृ’ लिहावं का? ती प्रत कृष्णधवल आहे, हे खरं. पण कृती तशी नव्हती. ‘मुघल-ए-आझम’ची बरोबर उलटी चूक. एका ठिकाणी नसलेला रंग मूळचा ठरला, दुसऱ्या ठिकाणी असलेला रंग नव्हताच असं ठरलं.

रंगवलेले चित्रपट

आता संगणकाने रंगवलेल्या चित्रपटांकडे येऊ. पद्धत थोडक्यात अशी. प्रत्येक चौकटीत वस्तूंच्या कडा वेगळ्या करायच्या : चेहरा, शालू, भिंत. उजेड-अंधार मूळ चित्रातून घ्यायचा, त्यावर रंग बसवायचा. उजेड छायाचित्रकाराचा, रंग रंगवणाऱ्याचा.

लोक म्हणतात, “पण खरे रंग शोधून भरले तर?” मी विचारतो, खरे म्हणजे कुठले? सेटवर होते ते? हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये (१९६०) स्नानगृहातला खून आहे. तिथे रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं होतं, कारण कृष्णधवल फिल्मवर ते रक्तासारखं दिसतं. सेटवरचा खरा रंग भरला तर मोरीतून चॉकलेट वाहताना दिसेल! आणि लाल भरला तर तो सेटवर नव्हता. कृष्णधवल चित्रपट करणारी मंडळी राखाडीच्या पट्टीत विचार करत. कोणतं कापड किती गडद उतरेल हे पाहून ते निवडत. त्यामुळे तिथे शोधून काढण्याजोगा लपलेला रंग नसतोच. रंगवणारा रंग शोधत नाही, तो नव्याने ठरवतो.

यावरून अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठं वादळ झालं. टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएमचा चित्रपटसाठा विकत घेतला आणि जुने चित्रपट रंगवायला सुरुवात केली. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी आपला ‘द माल्टीज फाल्कन’ रंगवल्यावर जाहीर निषेध केला. १९८८ मध्ये तिथे कायदा झाला : राष्ट्रीय यादीतला चित्रपट असा बदलून दाखवायचा, तर तसं लेबल लावा. रंगवू नका असं कायद्याने म्हटलं नाही, सांगून रंगवा एवढंच म्हटलं. फ्रान्स त्याच्या पुढे गेला. ह्यूस्टन यांच्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’ची रंगवलेली आवृत्ती तिथल्या वाहिनीवर दाखवण्यावरून त्यांच्या वारसांनी दावा लावला, आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने दिग्दर्शकाचा नैतिक अधिकार मान्य केला.

आपल्याकडे ‘मुघल-ए-आझम’नंतर ‘नया दौर’ (१९५७) हा २००७ मध्ये, आणि ‘हम दोनो’ (१९६१) हा २०११ मध्ये रंगवून आला. ‘हम दोनो’च्या वेळी देव आनंद हयात होते आणि त्यांनी स्वतः ती आवृत्ती प्रेक्षकांपुढे आणली. म्हणजे प्रत्येक वेळी मूळ कलाकाराच्या मनाविरुद्धच होतं असं नाही. के. आसिफ यांच्याबद्दलही सांगतात की रंगीत भाग पाहून त्यांना सगळाच चित्रपट रंगात हवा होता. तसं असेलही. पण त्यांना हवा असलेला रंग त्यांच्या देखरेखीखाली कॅमेऱ्यातून आला असता. २००४ चा रंग त्यांच्या निधनानंतर तेहतीस वर्षांनी इतरांनी ठरवला. इच्छा तीच असली तरी कृती वेगळी, आणि नोंद कृतीची करायची असते.

मी रंगवलेल्या चित्रपटांच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. दादाच्या नातीने तो चित्रपट रंग होता म्हणूनच पाहिला. नाहीतर तिने तो लावलाही नसता. माझी तक्रार रंगवण्याविषयी नाही, रंगवल्याची नोंद नसण्याविषयी आहे.

चित्ररूप : अर्धे-अर्धे चित्रपट

आता एक पेच. दादाच्या वहीतलं आधीचं ‘कृ’ तरी बरोबर होतं का? तेही नव्हतं! १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ बराचसा कृष्णधवल, पण शीशमहालातलं गाणं आणि शेवटाकडचा काही भाग रंगीत. तेव्हाचा प्रेक्षक दीडदोन तास राखाडी दरबार बघत बसलेला, आणि अचानक शेकडो आरशांत रंग उसळतो. अनारकली उघडपणे बंड करते तो क्षण आणि पडद्यावर रंग येतो तो क्षण एकच. २००४ च्या आवृत्तीत पहिल्या चौकटीपासून रंग आहे, म्हणून शीशमहालात रंग येत नाही, तो आधीच आलेला असतो. नात मला म्हणाली होती, “गाणं छान आहे, पण त्याचं एवढं काय?” तिचं बरोबर होतं. ‘एवढं’ जे होतं ते तिच्या प्रतीत उरलंच नव्हतं.

असे संमिश्र चित्रपट पुष्कळ आहेत. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) कृष्णधवल, पण शीर्षकगीत रंगात. सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) कृष्णधवल, शेवट रंगात. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मध्ये घरचा भाग तपकिरी सेपिया आणि स्वप्ननगरी टेक्निकलर. याच्या टीव्हीवरच्या प्रतींत घरचा भाग बरीच वर्षं साधा कृष्णधवल दिसायचा, १९८९ च्या व्हिडिओ आवृत्तीत सेपिया परत आला.

यांना कुठल्या खणात घालायचं? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे सतराव्या शतकात, रूपाचे, रंगाचे, सात प्रकार सांगितले आहेत : शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि सातवं चित्र. अनेक रंगांच्या धाग्यांनी विणलेलं वस्त्र कोणत्या रंगाचं? परंपरावादी म्हणाले, रंग वस्तूला पूर्ण व्यापून असतो. म्हणून या वस्त्राचा रंग ‘पांढरा’ही नाही, ‘निळा’ही नाही, ‘चित्र’ हा वेगळाच रंग आहे. नव्यांपैकी काहींनी हे मोडून काढलं. म्हणाले, वेगळा रंग कशाला? या भागात निळा, त्या भागात पिवळा, एवढं म्हणा की.

वहीसाठी मी दोघांचंही ऐकलं. रकान्यात एक शब्द लागतो, तिथे जुन्यांचं : ‘संमिश्र’. आणि शेऱ्यात नव्यांचं : कुठला भाग कसा. नुसतं ‘संमिश्र’ लिहून थांबलो तर वाचणाऱ्याला काही कळत नाही, आणि नुसते भाग लिहीत बसलो तर यादीत शोधता येत नाही.

रंग कुणाचा? कृतीचा, आवृत्तीचा की प्रतीचा?

आता मुख्य मुद्दा. आपण ‘हा चित्रपट’ म्हणतो तेव्हा नेमकं कशाबद्दल बोलतो?

‘ज्ञानेश्वरी’ घ्या. एक म्हणजे ज्ञानदेवांची कृती. दुसरं, तिचा एखादा पाठ : एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला. तिसरं, कुठल्या तरी छापखान्याची छापील आवृत्ती. आणि चौथं, तुमच्या देवघरातली ती प्रत, जिच्या मुखपृष्ठावर हळदीकुंकवाचे डाग आहेत. डाग प्रतीवर आहेत. ‘ज्ञानेश्वरीला डाग आहेत’ असं कुणी म्हणत नाही. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ मध्ये नोंदींसाठी हीच चार पायऱ्यांची मांडणी केली, आणि चित्रपट-संग्रहालयांच्या संघाने २०१६ च्या नियमपुस्तिकेत ती चित्रपटांना लावली.

नाथांचं आणखी एक बघा. त्यांनी पाठ शुद्ध केला आणि शेवटी लिहून ठेवलं : कोणी केला, कोणत्या शकात केला, काय केलं. चारशे वर्षांपूर्वीचं लेबलच आहे ते! अमेरिकेच्या कायद्याला १९८८ मध्ये जे हवं होतं ते नाथांनी आपणहून केलं होतं.

दादाच्या वहीत या सगळ्या पायऱ्या एका अक्षरात कोंबल्या होत्या. म्हणून मी रंगाचा एक रकाना मोडून तीन केले.

पहिला रकाना, मूळ रंग. पहिल्यांदा प्रेक्षकांपुढे आला तेव्हा चित्रपट कसा होता? उत्तरं सहा : कृष्णधवल, छटा दिलेला (टिंटिंग किंवा टोनिंग), हाताने किंवा साच्याने रंग भरलेला, रंगीत, संमिश्र आणि माहीत नाही. ‘माहीत नाही’ हे लाजिरवाणं उत्तर नाही. अंदाजाने लिहिलेलं ‘कृ’ त्याहून वाईट, कारण पुढचा माणूस ते खरं धरतो.

दुसरा रकाना, या प्रतीचा रंग. हातातल्या तबकडीवर काय दिसतं? इथे वरची सहाही उत्तरं चालतात, आणि सातवं एक वाढतं : संगणकाने रंगवलेला. हा शब्द पहिल्या रकान्यात कधीच येऊ शकत नाही. ही एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी आजचं व्याख्यान वाया गेलं नाही.

तिसरा, शेरा. दोन रकाने जुळत नसतील तर का? कोणी, कधी बदललं? संमिश्र असेल तर कुठला भाग कसा? जुन्या रंगीत प्रतीचे रंग उडून सगळं गुलाबी झालं असेल, तर तेही इथेच.

उदाहरणं देतो. ‘श्यामची आई’, १९५३ : मूळ कृष्णधवल, प्रत कृष्णधवल, शेरा काही नाही. बहुतेक नोंदी अशाच सरळ असतात. ‘नॉस्फेरातू’ : मूळ छटा दिलेला, प्रत कृष्णधवल, शेरा ‘रात्रीचे प्रसंग मुळात निळे’. ‘हम दोनो’ : मूळ कृष्णधवल, प्रत रंगवलेली, शेरा ‘२०११ ची आवृत्ती’. अलीकडचा ‘रोमा’ (२०१८) डिजिटल कॅमेऱ्याने रंगात टिपून मग कृष्णधवल केला आहे. दिग्दर्शकाने तो तसाच प्रदर्शित केला, म्हणून मूळ कृष्णधवलच. कॅमेऱ्यात काय होतं हा प्रश्न नाही, प्रेक्षकांपुढे काय ठेवलं हा आहे.

आणि प्रभातचा ‘सैरंध्री’ (१९३३). शांतारामबापू तो रंगीत करण्यासाठी जर्मनीला घेऊन गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि पहिल्या भारतीय रंगीत चित्रपटाचा मान १९३७ च्या ‘किसान कन्या’कडे गेला. ‘सैरंध्री’ला नुसतं ‘रंगीत’ किंवा ‘कृष्णधवल’ म्हटलं की हा सगळा खटाटोप पुसला जातो. शेऱ्याचा रकाना अशांसाठीच आहे.

दोन व्यावहारिक सूचना. वेष्टनावर विसंबू नका. कृष्णधवल चित्रपटांची वेष्टनंही रंगीत छापतात, दादाच्या काही चुका तिथूनच आल्या आहेत. तबकडी लावा, सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा. आणि एका चित्रपटाची दुसरी आवृत्ती आली तर जुन्या नोंदीवर काट मारू नका, नवा क्रमांक द्या. २००४ चा ‘मुघल-ए-आझम’ मूळापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहानही आहे. म्हणजे ती जुन्याची चांगली प्रत नव्हतीच. मी ज्याला ‘चांगली प्रत’ म्हणालो ती दुसरीच वस्तू होती.

काम संपलं. नवी यादी वाचनालयाकडे दिली आहे. तिच्यात ‘मुघल-ए-आझम’च्या दोन ओळी आहेत. एक : मूळ संमिश्र, प्रत रंगवलेली, २००४ ची आवृत्ती. दुसरी : मूळ संमिश्र, प्रत संमिश्र, व्हिडिओ कॅसेट. शेरा : ‘२००६ मध्ये टाकून दिली. सल्ला धाकट्या भावाचा.’ जी वस्तू कपाटात नाही तिची नोंद कशाला, असं ग्रंथपालांनी विचारलं. मी म्हटलं, ती कपाटात होती हे कुणाला तरी कळायला हवं.

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्या बाईंनी विचारलं : माझ्या मुलाने माझ्या आईचा लग्नातला कृष्णधवल फोटो मोबाइलवर रंगवला. सगळ्यांना आवडला. पण त्यात शालू हिरवा झालाय, आईचा शालू जांभळा होता. सांगू की नको?*

सांगा, आणि आजच सांगा. मोबाइलने ओळखला तो राखाडीचा गडदपणा. जांभळा होता हे त्याला कळायला मार्गच नाही, ते फक्त तुम्हाला माहीत आहे. मुलाचा हिरमोड होऊ देऊ नका, रंगवलेला फोटोही ठेवा. मूळ फोटो त्याच्या शेजारी ठेवा, आणि मागे लिहा : ‘रंग मोबाइलवर भरलेले. शालू प्रत्यक्षात जांभळा.’ खाली तुमचं नाव आणि तारीख. तुमच्यानंतर हे लिहू शकेल असं कुणी उरणार नाही.

*दुसरा प्रश्न : साडेसहाशे चित्रपटांसाठी एवढे कष्ट घ्यायचे?*

सगळ्यांसाठी नाही लागत. आमच्या संग्रहात दोन रकाने न जुळणारे चाळीसही निघाले नाहीत. बाकीच्यांना एकेक मिनिट लागलं. वेळ गेला तो या चाळिसांत, आणि खरं सांगायचं तर मध्येमध्ये चित्रपट बघण्यात.